पाटल्या मोडण्यापूर्वी

सांगली

चि. सायली हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू पणजींच्या पाटल्या आणि आजींची बोरमाळ मोडायची आहे असे म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. पैसे कशासाठी हवे आहेत, हे मी विचारणार नाही. आजींनी ते दागिने सर्वांदेखत तुझ्या ओटीत घातले आहेत. ते तुझे आहेत. मात्र नोकरीभर सहकारी बँकेच्या सोनेतारण खिडकीवर बसलेल्या बाईची मुलगी सराफाने सांगितलेला आकडा मुकाट्याने घेऊन घरी आली, असे होऊ नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

घरच्या वहीत पाटल्यांपुढे ‘4 तोळे’ अशी नोंद आहे. ते जुने तोळे, प्रत्येकी 11.66 ग्रॅमचे, आजचा सराफ तोळा म्हणतो तेव्हा त्याच्या हिशेबात 10 ग्रॅम असतात. तेव्हा दुकानात तोळ्यांत बोलूच नकोस. वहीप्रमाणे पाटल्या 46.6 ग्रॅम भरतात, झीज धरून आपण 46 समजू. वजन होताना काट्यावर आधी शून्य दिसते ना, तेवढे पाहा.

आपल्याकडे हॉलमार्किंग, म्हणजे दागिन्यावर शुद्धतेचा शिक्का मारणे, 2000 साली सुरू झाले, त्यामुळे या दोन्ही दागिन्यांवर शिक्का सापडणार नाही आणि कस, म्हणजे त्यात शुद्ध सोने किती टक्के आहे, हे तपासूनच घ्यावे लागेल. सराफाकडे जाण्यापूर्वी भारतीय मानक ब्युरोची मान्यता असलेल्या हॉलमार्किंग केंद्रात जा; तिथे ग्राहकाचे दागिनेही शुल्क घेऊन तपासून देतात. तिथले तपासणीचे यंत्र फक्त वरचा थर वाचते आणि डाख देऊन सांधा जोडलेल्या जागी कस कमी दाखवते, म्हणून पाटलीच्या आतल्या बाजूला आणि निरनिराळ्या ठिकाणी तपासणी करून घे. समजा कस 90 टक्के निघाला, तर 46 ग्रॅमांत शुद्ध सोने 41.4 ग्रॅम. सोपे जावे म्हणून 24 कॅरेटचा भाव 10 ग्रॅमला एक लाख धरला, तर पाटल्यांचे 4,14,000 रुपये होतात. काही जण इथे 22 कॅरेटचा भाव लावतात आणि त्यातून पुन्हा 10 टक्के कापतात. 22 कॅरेटच्या भावात कसाची वजावट आधीच झालेली असते. ती दुसऱ्यांदा केली की एवढ्याच पाटल्यांवर तुझे जवळजवळ 35,000 रुपये जातात. गणितात तू बाबांच्याही पुढे होतीस, तेव्हा हे तुला एका वाक्यात कळले असेल. मी आपली उगाच पाढा वाचते आहे.

खरी काळजी बोरमाळेची आहे. तिचे मणी पोकळ आहेत आणि आत लाख भरलेली आहे. मी या घरात आले तेव्हा एका मण्यातली लाख सुकून तिचा काळा भुगा आजींच्या पोलक्यावर सांडायचा आणि त्या तो नखाने झटकत म्हणायच्या, ‘सोनं नव्हे गं, लाखच आहे.’ शिवाय त्यांचे लग्न 1965 सालचे. मोरारजी देसाईंनी 1963 मध्ये आणलेल्या सुवर्णनियंत्रणामुळे त्या काळात 14 कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी होती. त्यांच्या वडिलांनी नियम पाळून माळ केली की ओळखीच्या सोनाराकडून चोरून 22 कॅरेटची करून घेतली, यावर आजी आणि आत्याबाई शेवटपर्यंत भांडल्या. दोघींनाही माळ कसाला लावू द्यायची नव्हती, हे विशेष. नियम पाळला असेल तर हिशेब असा: माळ लाखेसकट 24 ग्रॅम, त्यातली लाख 9 धरली तर सोने 15 ग्रॅम, आणि 14 कॅरेटच्या 58.5 टक्के कसाने शुद्ध सोने पावणेनऊ ग्रॅमच्या जरा वर, म्हणजे सुमारे 87,750 रुपये. तू मात्र पूर्ण 24 ग्रॅम 22 कॅरेटचे धरून दोन लाख वीस हजारांची आशा केली असशील. त्या आशेवर कोणाला शब्द दिला असशील तर तो आधी सावर. कोणाला, हे विचारत नाही.

घडणावळ परत मिळत नाही, हे तुला ठाऊक आहेच. ‘आटवल्याशिवाय भाव सांगता येणार नाही’ असे कोणी म्हणाले, तर पाटल्या उचल आणि दुसऱ्या दुकानात जा. एकदा सोने आटले की ते परत घेऊन तू तरी काय करणार? भाव दोन-तीन ठिकाणी काढ, आटवताना घट, म्हणजे वजनातली तूट, किती टक्के धरणार ते आधी विचार, आणि पटले तरच आटवायला दे. तेही मुशीजवळ उभी राहून, आधीचे आणि नंतरचे वजन लिहून घेऊन. बोरमाळेची लाख मात्र तापवल्याशिवाय निघत नाही, म्हणून ती सर्वांत शेवटी काढ. किंवा काढूच नकोस. पावणेनऊ ग्रॅमसाठी ती माळ मोडावी, असे मला वाटत नाही.

पावती तुझ्या नावाची असावी आणि पैसे तुझ्याच खात्यात जमा व्हावेत. वारशाने आलेल्या सोन्यावरही विक्रीनंतर भांडवली नफ्याचा कर बसतो. इतक्या जुन्या दागिन्यांसाठी 1 एप्रिल 2001 ची बाजारकिंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, तेव्हा वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवते. आणि पैसे तुझ्याच खात्यात, जोड खात्यात नव्हे. मंदाररावांच्या दुकानाचे भाडे थकले आहे का? पाहा, विचारणार नाही म्हणून विचारलेच. ते कष्टाळू आहेत, यात मला तिळमात्र शंका नाही. पण खिडकीपलीकडे उभ्या राहून ‘सहा महिन्यांत सोडवते’ म्हणणाऱ्या बायका मी फार पाहिल्या आहेत, आणि त्यांच्या मागे पायरीवर थांबलेले कष्टाळू नवरेही. रागावू नकोस. गरज थोड्या दिवसांची असेल तर मोडण्याऐवजी तारण ठेव, एवढेच माझे म्हणणे. आणि त्याहूनही थोडी असेल तर माझी ठेव आहे.

तुझी,
आई

ता. क. मंदाररावांना आशीर्वाद सांग. हे पत्र त्यांना वाचायला दिलेस तरी माझी हरकत नाही; नाही दिलेस तर अधिक बरे.