माकड हसत नाही, दात विचकते

मा. संपादक,

कालच्या अंकात पान तीनवर ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवरल्या माकडाचा भलामोठा रंगीत फोटो आणि खाली ओळ, ‘भक्तांचे हसतमुख स्वागत!’ फोटो उत्तम, वादच नाही. ओळ लिहिणाऱ्या महाशयांची मात्र एकदा माझ्या नातवाशी गाठ घालून द्यावी म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी त्याच पायऱ्यांवर एक माकड कठडा आणि आमची पिशवी यांच्या बेचक्यात सापडले. ओठ मागे ओढलेले, दात बाहेर, तोंडातून आवाज नाही. ‘आजोबा, हसतंय बघा!’ म्हणत नातू फुटाणे घेऊन पुढे सरकला. मीही हसलो, कबूल करतो. पुढच्या क्षणी पोराच्या मनगटावर दात उमटले. अशी जखम पंधरा मिनिटे साबणाने धुवायची असते. तिथे साबण कुठला? काकडीवाल्या मावशींनी कपड्याच्या वडीचा तुकडा दिला म्हणून निभावले. पुढे सरकारी दवाखान्यात २८ दिवसांत चार फेऱ्या.

तेव्हा वाचत बसलो. लाल तोंडाचे माकड असे मुकाट दात दाखवते ते बहुधा भीतीने. १९६१ मध्ये अमेरिकेने अंतराळात धाडलेल्या हॅम चिंपांझीचे दात फोटोत बघून लोक खूश झाले, जाणकारांना मात्र त्यात भेदरलेला जीव दिसला. इतके लांब तरी कशाला? आमची आजी ओरडायची, ‘माकडासारखे दात विचकू नकोस.’ ‘हसू नकोस’ नव्हे. तिला कळत होते, तुमच्या उपसंपादकांना कळू नये? सिंहस्थ तोंडावर आलाय, त्र्यंबकला लाखो लोक येतील आणि तुमचा फोटो बघून पोरे ‘हसऱ्या’ माकडाला हात लावायला जातील.

दातांवरून आठवले. माणसाचे खरे हसू डोळ्यांच्या कडेला उमटते, असे ड्युशेन या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मध्येच लिहून ठेवले आहे. आमच्या गंगापूर रोडच्या बसथांब्याचा फलक गेले वीस दिवस एका ‘भावी नगरसेवकां’च्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गडप आहे. बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात, डोळे मात्र जागचे हललेले नाहीत. त्याचा फोटो छापणार असाल तर खालची ओळ मी फुकट लिहून देईन.

– एक जुना वाचक, गंगापूर रोड, नाशिक