उत्तरेच्या भिंतीची भेग

तीर्थरूप आई आणि नाना यांना साष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेले भिंतीचे तिन्ही फोटो नीट पाहिले. खिडकीच्या कोपऱ्यापासून विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी जोत्याकडे उतरलेली ती भेग आखाजीपूर्वी सिमेंटने भरून घ्यायची आणि त्याच खेपेला मधली भिंत काढून बैठक मोठी करायची, असे मिस्त्रींशी ठरल्याचे कळले. माझी विनंती अशी की, पहिले काम निदान पोळ्यापर्यंत थांबवावे आणि दुसरे तर मिस्त्रींच्या शब्दावर मुळीच हाती घेऊ नये.

नाना, वैशाखात आपल्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि चांगला पाऊस झाला की त्या मिटतात, हे तुम्हांला मी काय सांगावे! घराखालीही तीच तापीकाठची काळी माती आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आक्रसते. सगळा पाया एकसारखा वरखाली झाला तर भिंतीला फारसे कळत नाही, पण एक बाजू हलली आणि दुसरी जागीच राहिली की वीट तडकते. आपला तो कोपरा आठवून पाहा. एका हाताला मोरीचे पाणी बारा महिने भिंतीलगत मुरते, तर दुसऱ्या हाताला कडुनिंबाची मुळे मातीतली ओल ओढून घेतात. मला संशय आहे तो या सदाच्या ओलीचा आणि सदाच्या कोरडीचा.

म्हणून आत्ता, भेग सर्वांत रुंद असताना, तिच्यात कडक सिमेंट ठासले तर पावसाळ्यात माती फुगून भिंत मिटू पाहील, तिला जागा मिळणार नाही आणि शेजारी नवी भेग उघडेल. त्याऐवजी भेगेच्या दोन्ही अंगांना पेन्सिलीने एकेक बारीक खूण करावी आणि दर महिन्याच्या 1 तारखेला त्या दोन खुणांमधले अंतर पोलादी पट्टीने मोजून तारखेसह भिंतीवरच लिहावे. 5 मिलिमीटरपर्यंतची भेग साधारणपणे किरकोळ धरतात. पोळ्यापर्यंत ती अरुंद झाली तर खेळ मातीचा आहे असे समजावे. भर पावसातही ती वाढतच राहिली, किंवा 15 मिलिमीटरच्या पुढे गेली, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे लागेल. (पावसाळ्यात दार अडकते ते यात धरू नका, लाकूडही फुगते.)

तोवर एवढे मात्र लगेच करावे: मोरीचे पाणी बंद पाइपातून भिंतीपासून दूर न्यावे आणि शोषखड्डाही घराला खेटून खणू नये. गच्चीच्या पन्हाळीचे पाणी जोत्यावर पडते, तिलाही पाइप जोडावा. भिंतीकडेने मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करायचाच आहे, पण तो पावसाळा सरल्यावर, माती वाफशावर असताना केलेला बरा असे मला वाटते. कडुनिंब तोडू नका. मोठे झाड एकदम गेले की त्याने कोरडी ठेवलेली माती हळूहळू पाणी घेऊन फुगते आणि घर उलट्या दिशेने हलते. शिवाय नानांची दुपारची खाट कुठे टाकणार?

आता मधली भिंत. आजोबांच्या धाब्याच्या घरातली भिंत काढली तेव्हा काही झाले नाही, असे नानांचे म्हणणे आहे आणि ते खरे आहे, कारण धाब्याचा भार सागाच्या खांबांवर आणि तुळयांवर होता, भिंत नुसता आडोसा होती. नव्या घरात खांब नाहीत. स्लॅब भिंतींवरच टेकलेला आहे आणि ती 9 इंची भिंत त्याला मधोमध धरून आहे. 4 इंची असती तरी मी विचारूनच काढू दिली असती, कारण स्लॅब वर्षांनुवर्षे किंचित लवला की आडोशाची भिंतही भार घेऊ लागते. त्यातच वर 1000 लिटरची टाकी बसवायची म्हणता, म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन एक टन. टाकी बसवायचीच तर ती भिंतींच्या कोपऱ्यावर बसवावी, खोलीच्या मधोमध नको.

मिस्त्रींना विसार दिला असेल तर तो मोरीच्या पाइपाच्या कामात वळता करावा, म्हणजे त्यांनाही वाईट वाटणार नाही. आखाजीला मी दोन दिवस आधी येते आणि पहिले माप आपण मिळूनच घेऊ. आईने पट्टी शोधून ठेवावी. शिलाई मशीनच्या खणात एक होती.

आपली,
थोरली