साहेब, घरात राहायला आम्ही तयार आहोत

मा. नगरविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
सा. न. वि. वि.

पाडव्याच्या रात्री, 13 एप्रिलला, मुख्यमंत्री साहेबांचं कोरोनाच्या संचारबंदीचं भाषण मी पुलाखाली पानवाल्याच्या मोबाईलवर उभ्याने ऐकलं. घरातलं माणूस बोलावं तसे बोलतात, खोटं कशाला सांगू. 5 हजार 476 कोटींची मदत म्हणाले तेव्हा मी हातातला गजरा खाली ठेवला. मग एकेक उलगडत गेलं. नोंदणीकृत फेरीवाल्यांना 1500 रुपये. माझी नोंदणी नाही. रेशनकार्डावर फुकट धान्य. कार्ड नाही. शिवभोजन थाळी फुकट, ती तेवढी आमची. ती दुपारची, रात्रीचं काय ते भाषणात नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची गाडी आली. ताडपत्री, स्टोव्ह, हंडा, निळी पिशवी, सगळं उचललं. सासू गोधडीवर झोपली होती, तिला उठवून गोधडी नेली. नोटीस विचारली तर म्हणाले, संचारबंदी आहे, घरी जा.

घरी जा! आम्ही कधी नाही म्हटलं? पत्ता द्या, आत्ता निघते.

साहेब, तुम्हाला बाग बंद म्हणजे फिरणं बंद. आमचा पाणवठा तिथे होता. पहाटे वॉचमन नळावर दोन हंडे भरू द्यायचा, त्याच्या केबिनमध्ये मोबाईल चार्जिंगला लावू द्यायचा, त्यावरच मुलीची ऑनलाईन शाळा. आता कुलूप आहे आणि पाणी 20 रुपये हंडा. शौचालयवाला गावाला पळाला, बदली माणूस रात्री आठला दार लावतो. म्हणून पाचनंतर मी आणि मुलगी पाण्याचा घोट घेत नाही. चैत्राचं ऊन आहे, साहेब. पोर तेरा वर्षांची आहे, तिला दर महिन्याला काय लागतं ते इथे लिहायची लाज वाटते. पण लाज फक्त मीच का धरायची? आणि वर हात धुवा म्हणून सांगता. कशाने धुवायचे?

मागच्या आठवड्यात झोपेत मास्क घसरला म्हणून मला 200 रुपये दंड झाला. पावती जपून ठेवलीय. सरकारने माझ्या नावाने दिलेला तो दुसरा कागद. पहिला मतदार ओळखपत्र. त्यासाठी माणूस रात्री येऊन पाहून गेला होता, ही बाई इथे खरंच झोपते का. म्हणजे मताला फूटपाथ हा पत्ता चालतो, गव्हाला चालत नाही.

2011च्या जनगणनेत मुंबईत बेघर 57 हजार. आमच्या पुलाखाली तेव्हा कोणी मोजायला आलेलं मला आठवत नाही, त्यामुळे दुप्पट धरा. लाख वस्तीमागे एक निवारा हवा असं सुप्रीम कोर्ट सांगून बसलंय. सव्वा कोटीच्या शहराला सव्वाशे झाले. निम्मे तरी दाखवा. त्याच कोर्टाने 1985 साली फूटपाथवाल्यांच्या खटल्यात सांगितलं, जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. माझा जन्म त्याच सालचा, याच फूटपाथवर. छत्तीस वर्षांत सरकारं किती आली, मोजायची सोडली. गाडी मात्र तीच येते. या शहरातली लग्नं माझ्या आईच्या गजऱ्यांनी सजली, माझ्याही. आता देवळं बंद, लग्नं 25 माणसांत. मोगरा टोपलीत काळा पडतोय, त्याची नोंदणी कुठे करायची?

मोठं काही मागत नाही. शौचालय रात्रभर उघडं ठेवा. बाग नका उघडू, नुसता नळ फाटकाबाहेर काढा. जवळची पालिकेची शाळा वर्षभर रिकामी आहे, तिचे दोन वर्ग झोपायला द्या.

आणि ती निळी पिशवी. पहिली ते आठवी सगळ्यांना पास केलंत, त्यात माझी मुलगीही पास झाली, आभारी आहे. तिची सातवीची पुस्तकं आणि जन्माचा दाखला त्या पिशवीत आहे. पिशवीला बंद नाही, सुतळी बांधलीय. गोदामात कुणाला तरी शोधायला सांगा.

आपली,
पुलाखालची एक गजरेवाली
17 एप्रिल 2021