बुद्धमूर्ती आणि बेरेनिकेचे उकिरडे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इजिप्तमधील तांबड्या समुद्राच्या काठावरचे बेरेनिके हे प्राचीन बंदर आपल्या वाचकांना माहीत असते ते मुख्यतः २०२२ मध्ये तेथे सापडलेल्या बुद्धमूर्तीमुळे, आणि ती रोमन काळात भारतातून गेली असणार, असे पुष्कळदा धरून चालले जाते. प्रत्यक्षात ७१ सेंटीमीटर उंचीच्या या मूर्तीचा संगमरवर आजच्या इस्तंबूलच्या दक्षिणेकडचा असावा आणि ती बेरेनिकेतच घडवली गेली असावी, असे उत्खनन करणाऱ्या पोलिश-अमेरिकी पथकाचे मत आहे. ते खरे असेल, तर बुद्धमूर्ती घडवून घेणारे कोणी त्या वाळवंटी बंदरातच होते, आणि मला तरी ही गोष्ट मूर्ती परदेशी गेल्याच्या अभिमानाहून मोलाची वाटते.

या वाळवंटातील सर्वांत बोलका ऐवज मात्र मूर्तींचा नाही, उकिरड्यांचा आहे. (देवळांतही काही कमी सापडले नाही; सेरापिस या देवाच्या देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोच्या आसपास काळी मिरी निघाली.) अमुक इसमाचे इतके मद्य पुढे सोडावे, अशा जकातीच्या परवान्याच्या चिठ्ठ्या बेरेनिकेच्या उकिरड्यांत मिळाल्या, त्या फुटक्या भांड्यांच्या तुकड्यांवर शाईने लिहिलेल्या आहेत. रोमच्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या दर्शनी भागातील करडे खांब जिथून गेले, त्या याच वाळवंटातील मोन्स क्लॉडियानुस या दगडखाणीच्या परिसरात अशी लिहिलेली खापरे ९,००० हून अधिक सापडली आणि त्यांपैकी एकावर सुमारे ९०० माणसांच्या पाणीवाटपाचा हिशेब आहे. तडा गेल्याने तेथेच सोडून दिलेला सुमारे २०० टनांचा खांब छायाचित्रांत भव्य दिसतो. पण तो कापणाऱ्यांना रोज पाणी कसे मोजून मिळे, हे कळते ते त्या खापरामुळे.

सोने किंवा विकाऊ वस्तू शोधणाऱ्यांनी असा उकिरडा उपसला, तर खापरे एक वेळ उरतील, पण कोणते खापर कोणत्या थरातले, हे पुन्हा ठरवता येणार नाही. म्हणून अशा शोधांच्या बातम्या देताना वस्तू नेमकी कोठे आणि कशाच्या सोबत सापडली, याच्या दोन ओळी आपण आवर्जून छापाव्यात, अशी विनंती आहे. ती बुद्धमूर्ती इसिस देवीच्या मंदिराच्या प्रांगणात सापडली होती, ही ओळ मराठी बातमीत वाचल्याचे मला आठवत नाही.

आपला,
एक नियमित वाचक