पंचवीस पैशांचं डिझेल

प्रिय संज्या,

तुझा मेसेज वाचला, पण मोबाईलवर बोटं बडवण्यापेक्षा म्हटलं पत्रच लिहू, तेही तिकीट लावून. विषयच तसला आहे.

गेल्या आठवड्यात माळा आवरताना आपला नेरळचा अल्बम सापडला रे! म्हणजे अल्बम कसला, पाठकोऱ्या कागदांची वही, कोपरा वाळवीने खाल्लाय पण पोस्टाची तिकिटं शाबूत. बाबांनी दिलेलं १९५३ चं दोन आण्यांचं पहिल्याच पानावर आहे, शंभर वर्षांच्या अंतराची दोन इंजिनं असलेलं. आणि पुढे आपला ७६ चा रेल्वे इंजिनांचा सेट. दोन रुपयांवर १८५३ चं जीआयपी रेल्वे कंपनीचं एक नंबर इंजिन, रुपयावर ते टोकदार नाकाचं वाफेचं डब्ल्यूपी, पन्नास पैशांवर अजमेरला बांधलेलं एफ क्लास, १८९५ चं मीटरगेज. दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये ते एफ क्लासचं खरं इंजिन बघितलं तेव्हा मला आधी त्याचं तिकीटच आठवलं, बायको हसत होती.

पण सेट चारचा होता ना? चौथी जागा रिकामी! पंचवीस पैसेवालं झेडडीएम-२, नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं डिझेल. मग आठवलं, तू म्हणायचास धूर नाही ते इंजिनच नाही, माथेरानच्या गाडीला डिझेल लागलेलं दिसलं की तुझं तोंड वाकडं. तेव्हा साध्या पत्राला पंचवीस पैसेच लागायचे त्यामुळे ते तिकीट ढिगाने यायचं आणि आपण कोमट पाण्यात भिजवून सोडवायचोसुद्धा नाही, पाकिटासकट बंबात. मूठभर डिझेलं देऊन एक दोन रुपयेवालं मिळवलं तेव्हा तर काय रुबाब आपला, समोरचा पोरगा येडा वाटला होता.

आता विकत मिळतं म्हणा, फार महाग पण नसावं. पण मला ते कोरं नकोय, नेरळचा शिक्का बसलेलं हवंय, खरोखर कुणाच्या तरी पत्रावरून आलेलं. ९३ च्या डोंगरी रेल्वेच्या चार तिकिटांत आपलं माथेरानचं इंजिन आलं तेव्हा तू दुबईला होतास, ते मी दोन घेऊन ठेवलेत, एक तुझं.

तुझ्या आईची ती पत्रांची ट्रंक अजून आहे का? ७६-७७ ची पाकिटं बघ जरा. आणि सापडलं तर ओरबाडून काढू नकोस बाबा, अख्खं पाकीट पाठव.

तुझाच,
पक्या