ओपन स्पेसमध्ये वाफ्यांना परवानगी द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीतल्या ओपन स्पेसवर, म्हणजे सगळ्यांसाठी मोकळ्या सोडलेल्या जागेवर, कित्येक वर्षं गाजरगवत आणि बांधकामाचा राडारोडा याशिवाय काही नव्हतं. गेल्या दसऱ्यानंतर आम्ही नऊ घरांनी मिळून तिथला कोपरा साफ केला, दोन ट्रॉल्या काळी माती आणि शेणखत टाकलं आणि घरटी एक असे चार बाय दहा फुटांचे वाफे पाडले.

आमच्यात शेतीचं जाणणारं एकच माणूस होतं. कळवणहून मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी. चार वर्षं तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसून होत्या. मी धने तसेच मातीत टाकायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. धने फरशीवर पसरले, चपलेने हलके रगडले आणि एकेका धन्याच्या दोन फाकी करून दाखवल्या. "अख्खा टाकशील तं वाट पाहत बसशील, बाई." त्या दिवसापासून आजी रोज सकाळी सातला खाली. अठ्ठाविसाव्या दिवशी मेथी उपटली, तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधली मुलं मुळांना चिकटलेली माती हुंगत होती. शेपू, चुका, पालक झाला, कुंपणावर गिलके चढले. भाजी विकत घेण्याचे पैसे किती वाचले, ते मी मोजलेलं नाही. पण दहा वर्षं नुसती मान हलवून पुढे जाणारी माणसं आता एकमेकांच्या घेवड्यावरची मावा कीड बघायला थांबतात, हे रोज बघते. ओला कचराही आम्ही आता घंटागाडीत फारसा टाकत नाही, तो खताच्या खड्ड्यात जातो.

फेब्रुवारीत केबल टाकणाऱ्या एका ठेकेदाराच्या माणसांनी जेसीबीने तीन वाफे उकरून टाकले. आजींचा हरभरा त्यातच गेला. जाब विचारला तर म्हणाले, "जागा तुमची आहे का?" आमच्याजवळ दाखवायला एक कागद नव्हता.

तो कागद मिळावा, यासाठी हे पत्र. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर प्लॉट पाडताना (ले-आउटमध्ये) १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणजे शहरभर अशा जागा आहेत. त्यांतला एखादा कोपरा महापालिकेने रहिवाशांना वर्षाच्या कराराने वाफ्यांसाठी द्यावा. इंग्लंडमध्ये १९०८ पासून तसा कायदा आहे. तिथे सहा मतदारांनी किंवा करदात्यांनी लेखी मागणी केली, तरी स्थानिक संस्थेला तिचा विचार करावाच लागतो. जर्मनीत अशा प्रत्येक बागेला ४०० चौरस मीटरपर्यंत जागा मिळते. आम्हाला घरटी चाळीस चौरस फूट पुरतात.

यातून अतिक्रमण होईल, ही शंका मला रास्त वाटते. म्हणून अटी कडक असाव्यात: पक्कं बांधकाम नाही, कुलूप नाही, मुलांच्या खेळायच्या जागेला हात नाही, आणि सलग दोन महिने वाफा पडीक राहिला तर तो पुढच्या माणसाला. पाणी नळाचं नको. आम्ही पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी बादल्यांत साठवून झाडांना घालतो, हिवाळ्यात तेवढ्यावर बरंच भागतं. उन्हाळ्यात मात्र भागत नाही, तेव्हा वाफे पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो.

मुघलांच्या काळात आपल्या नाशिकला गुलशनाबाद म्हणत; गुलशन म्हणजे बाग. आज जवळच्या मखमलाबाद, गिरणाऱ्याकडची भाजी आपल्या दारात येते, आणि तरीही ती पिकते कशी हे आमच्या कॉलनीतल्या बऱ्याच मुलांनी पाहिलेलं नव्हतं.

उकरलेले तीन वाफे आम्ही पुन्हा पाडले आहेत. वाफा हवा म्हणून आणखी अकरा घरांनी नावं दिली आहेत. ती यादी आणि सर्वांच्या सह्यांचा अर्ज याच आठवड्यात विभागीय कार्यालयात देत आहोत. इतर कॉलन्यांनीही असे अर्ज द्यावेत, ही विनंती. ऑक्टोबरच्या पेरणीआधी निर्णय झाला तर हा रब्बी हाती लागेल.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
इंदिरानगर, नाशिक