काका, तुम्ही सव्वीसने भागलंत

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या हातात ग्रॅच्युइटीचा चेक पडला त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन तुमच्या संघटनेच्या खोलीवर आलो होतो. तुम्ही एक पेढा मोडून अर्धा तोंडात टाकलात आणि बाकीचा पुडा जिन्यात ताटकळलेल्या बायकांकडे दिलात. मी आभार मानायला तोंड उघडलं तर म्हणालात, "वर्गणीची पावती फाडलीयास न्हवं? झालं मग." ते राहिलेलं आज लिहिते आहे, आणि उघड लिहिते आहे. तुमचं नाव घेतलेलं तुम्हाला चालणार नाही, म्हणून घेत नाही. पण तुम्ही काय केलंत हे चार लोकांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. "युनियनचं आता काय राहिलंय?" हे वाक्य मी एसटीत ऐकते, लग्नाच्या पंगतीत ऐकते, आमच्या पॅकिंग लाइनवर तर रोज ऐकते. आण्णांचं प्रकरण घडलं नसतं तर मीही तेच म्हणत राहिले असते.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगते. आण्णा जून २००५ पासून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत फेटलिंगला होते. ओतकाम झाल्यावर कास्टिंगच्या कडांना जे जादा लोखंड राहतं ते ग्राइंडरवर घासून काढायचं, हे त्यांचं काम. ठिणग्या, कानठळ्या आणि धूळ. संध्याकाळी घरी आले की न्हाणीत पहिले दोन-तीन तांबे काळेच वाहायचे. रुमाल धुतला तरी नाकाच्या जागचा डाग जायचा नाही, म्हणून आईनं त्यांचे रुमाल वेगळेच ठेवले होते. एकोणीस वर्षं एकच शेड, एकच ग्राइंडर, एकच गेट. बदलत गेले ते ठेकेदार. तीन झाले. दर वेळी नवा ठेकेदार आला की कागदावर आण्णा नव्यानं कामाला लागायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ग्राइंडरपाशी उभे असायचे.

जुलै २०२४ मध्ये गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नका. हिशेब, म्हणजे नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी ग्रॅच्युइटी, मागितला तर ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "आमच्याकडं तुमची तीनच वर्षं. ग्रॅच्युइटीला पाच लागतात."

आम्ही आधी तुमच्याकडे आलोच नव्हतो, हेही सांगायला हवं. फौंड्रीत युनियन होती. गेटजवळ त्यांची खोली, बाहेर झेंडा. आण्णा तिथं गेले. त्यांनी चहा पाजला, नीट बोलले, आणि म्हणाले, "तुम्ही ठेकेदाराची माणसं. आमच्या यादीत तुम्ही येत नाही." आण्णा परत आले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नोकरी गेल्याचं त्यांनी कसंबसं गिळलं होतं. आपल्याच शेडमधल्या, एका डब्यातली भाकरी खाल्लेल्या माणसांनी यादी दाखवली, ते काही गिळवेना.

त्या माणसांवर माझा राग होता. तुम्हीच तो थोडा उतरवलात. तुम्ही समजावलंत की महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याप्रमाणे युनियनला मान्यता हवी तर किमान ३० टक्के कामगार सभासद लागतात, आणि ही मोजदाद कंपनीच्या पटावरच्या माणसांची. ठेक्यावरचे त्यात धरतच नाहीत. ज्याच्या सभासद होण्यानं मान्यता मिळत नाही आणि नसण्यानं जात नाही, त्याच्यासाठी भांडायला कोण उठणार? शिवाय कायम असलेल्यांनाही धास्ती असते, उद्या आपलीही जागा ठेक्यावर जाईल. हे सगळं पटलं. तरीही मला वाटतं, काका, की "युनियन संपली" असं लोक म्हणतात त्याचं अर्धं कारण त्या गेटजवळच्या खोलीतच आहे. शेडमध्ये ठेक्यावरचे जास्त आणि कायम असलेले कमी, अशी वेळ आली. युनियननं मात्र दार होतं तेवढंच ठेवलं.

तुमची खोली आम्हाला शेजारच्या घरकाम करणाऱ्या मावशींनी दाखवली. लक्ष्मीपुरीतला तो अंधारा जिना, वर दहा बाय दहाची खोली, भिंतीवर शाहू महाराज आणि कॉम्रेड पानसरे. २०१५ च्या फेब्रुवारीत पानसरे अण्णांवर गोळ्या झाडल्या तेव्हा मी कॉलेजात होते. मला त्यांचं बोलणं, लिहिणं माहीत होतं. या शहरातल्या असंघटित माणसांच्या संघटना बांधण्यात त्यांनी किती वर्षं घातली, ते मात्र तुमच्या खोलीत बसल्यावर कळलं. तुम्ही शाहू मिलमधले. राजर्षींनी १९०६ मध्ये सुरू केलेली मिल २००३ मध्ये बंद झाली. तुम्ही म्हणालात, "भोंगा थांबला तवा पंधरा दिस झोप न्हाई लागली. मग म्हटलं, कागद वाचता येत्यात, तेवढं तरी करू."

तुम्ही आण्णांना पहिलं विचारलंत, "घरात कागद काय काय हाईत?" आण्णा म्हणाले, काहीच नाही, नेमणूक पत्रसुद्धा कधी मिळालं नाही. आई मागून म्हणाली, "पेटी हाय की."

ती पत्र्याची पेटी मी लहानपणापासून पाहत होते. आईनं तिच्यात काय साठवलंय हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरलंत आणि पेटी उपडी केलीत. हजेरी कार्डं, कोपरे कुरतडलेले गेटपास, ई.एस.आय.चं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, पीएफच्या पावत्या, दिवाळीच्या बोनसची पाकिटं. आईनं एकही कागद टाकला नव्हता. तुम्ही गुडघ्यांवर बसून वर्षाप्रमाणे गठ्ठे लावत गेलात. २००५, ०६, ०७... गुडघे दुखत होते तुमचे, मला दिसत होतं. मी म्हटलं, मी लावते, तर म्हणालात, "बघून शीक, पुढच्या येळंला तू लाव."

आणि मग कागद बोलायला लागले. ठेकेदार तीन झाले तरी ई.एस.आय.चा नंबर पहिल्यापासून एकच. पीएफच्या यूएएनवर, म्हणजे कामगाराच्या कायमच्या नंबरवर, सेवेचा सगळा इतिहास निघाला: एका ठेकेदाराकडून सुटल्याची तारीख आणि दुसऱ्याकडे लागल्याची तारीख यांत एकेक दिवसाचं अंतर. गेटपासवर तर ठेकेदाराचं नाव खाली बारीक आणि फौंड्रीचं नाव वर ठळक, सगळ्या पासांवर. तुम्ही पेन्सिलनं त्या तारखांखाली रेघा मारल्यात आणि म्हणालात, "मर्दा, ठेकेदार बदलला. तू कुठं बदललास?" नोकरी गेल्यापासून आण्णा तेव्हा पहिल्यांदा हसले.

मग हिशेब. कालनिर्णयच्या जुन्या पानामागे तुम्ही तो मांडलात, ते पान मी जपून ठेवलं आहे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. १९७२ च्या कायद्याप्रमाणे भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. मी पटकन म्हटलं, तीसनं भागायचं. तुम्ही मान हलवलीत. "सव्वीसनं. महिन्याचे चार रविवार सुट्टीचे, ते धरायचे न्हाईत." १३,००० भागिले २६ म्हणजे ५०० रुपये दिवसाचे. पंधरा दिवसांचे ७,५००. गुणिले १९ वर्षं, म्हणजे १,४२,५००. तीसनं भागलं असतं तर १,२३,५०० आले असते. नेमके एकोणीस हजारांनी कमी, वर्षाला एक हजार.

तेव्हा तुम्ही विचारलंत, "हे रविवार कुणी दिले ठाऊक हाय?" मला नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक. मुंबईच्या गिरणी कामगारांना त्यांनी संघटित केलं, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. तोवर आठवड्याची सुट्टी असा हक्कच नव्हता. काका, मी बी.कॉम. झालेली मुलगी. रविवार मला आभाळातून पडल्यासारखा वाटायचा. त्या दिवशी तो आमच्या हिशेबात एकोणीस हजार रुपये होऊन बसला होता.

पुढं अर्ज, नोटीस, सुनावणीच्या तारखा. ते सगळं लिहीत बसत नाही. ज्यांनी तारखा खाल्ल्यात त्यांना ठाऊक आहे. एवढंच सांगते की अर्जात तुम्ही ठेकेदारासोबत कंपनीलाही ओढलंत. ठेकेदारानं मजुरी थकवली तर ती मूळ मालकानं भरायची, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यात होतं, मग ग्रॅच्युइटी चुकवून मालक कसा सुटतो, असा तुमचा मुद्दा होता. चौथ्या तारखेला कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन आला. त्यावर आकडा होता १,२३,५००. त्यांनी तीसनं भागलं होतं! मी तो आकडा पाहिला आणि तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसतं माझ्याकडे बोट केलंत. मी उठून म्हटलं, "साहेब, सव्वीसनं भागा." आवाज कापत होता माझा. पण त्यांनी आकडा बदलला.

व्याज मात्र गेलं. तीस दिवसांत ग्रॅच्युइटी दिली नाही तर व्याज लागतं, तुम्ही ते मांडलंही होतं. पण धाकटीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि आण्णांचा धीर सुटला होता. तेव्हा तुम्ही जे म्हणालात ते मी विसरणार नाही: "व्याज तुझ्या हक्काचं हाय. सोडायचं तर तू सोड. मी सोड म्हणणार न्हाई आणि धर म्हणूनबी दबाव टाकणार न्हाई." आण्णांनी सही केली. तुमच्या चेहऱ्यावर नाराजी होती. पण ती तुम्ही आण्णांवर लादली नाहीत. हक्क ज्याचा, निर्णय त्याचा, हे आमच्या घरात इतक्या आदरानं कुणी वागवलं नव्हतं.

आणि पैशाचं. अशा कामाला शेकड्यानं हिस्सा घेणारे एजंट गावात आहेत. आम्हालाही एकानं दहा टक्के सांगितले होते. तुम्ही वर्षाच्या वर्गणीची पावती फाडलीत, झेरॉक्सचे पैसे वेगळे लिहून घेतलेत आणि उरलेले अकरा रुपये परत दिलेत.

लोक मला १९८२ चा संप सांगतात. अडीच लाख गिरणी कामगार, दत्ता सामंत, शेवटी गिरण्याच गेल्या. संप फसला आणि हजारो घरं उघड्यावर आली हे खरंच आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण त्या एका संपावरून आजच्या सगळ्या संघटनांचा हिशेब कसा मिटवायचा? तुमच्या जिन्यात मी पाहिलं ते कुठल्याच संपासारखं नव्हतं. एक गवंडी बांधकाम मंडळाच्या नोंदणीसाठी नव्वद दिवसांचा दाखला कुणाकडून आणायचा ते विचारत होता. एका मावशींना ई.एस.आय.च्या दवाखान्यात कार्ड चालत नाही म्हणून परत पाठवलं होतं. यांना घोषणा नको होत्या. आपल्या बाजूनं कागद वाचणारं कुणीतरी हवं होतं. साहेबासमोर एकटं उभं राहायला लागू नये, एवढं त्यांना पुरे होतं.

आणि आता तर ते जास्तच लागणार आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, जुने २९ कायदे त्यांत गेले. मी वाचते आहे, तुमच्यामुळे वाचायची सवय लागली. काही गोष्टी चांगल्या वाटतात. प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायलाच हवं. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्याला वर्षभरात ग्रॅच्युइटी लागू होते. काही गोष्टींची भीती वाटते. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळीकडे लागणार. एकाहून जास्त युनियन असतील तर ५१ टक्के सभासद असलेली एकटी बोलणार, म्हणजे लहान युनियनचा आवाज आणखी बारीक होणार. आणि त्या नेमणूक पत्राचंच घ्या. कायद्यात आलं म्हणून ते हातात येतं का? आमच्या लाइनवर एकीनं मागितलं तर सुपरवायझर म्हणाला, "तुलाच बरं लागतंय, बाकीच्या कुणी मागत नाहीत." ती गप्प बसली. मीही गप्प बसले. घरी येऊन मला स्वतःची फार लाज वाटली, कारण शेजारी कुणी उभं असलं की आवाज फुटतो हे मी तारखेच्या दिवशी अनुभवलं होतं आणि तिच्या शेजारी मी उभी राहिले नाही.

आण्णा बरे आहेत. तुम्ही मागे लागलात म्हणून छातीचा एक्स-रे काढला. थोडे डाग आहेत, औषध चालू आहे, डॉक्टरांनी धुळीचं काम बंद करायला सांगितलंय. दारात पालेभाजीचे दोन वाफे केलेत त्यांनी. आई म्हणते, काकांना यायला सांग, मेथी देते.

तुमचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत असं कळलं. म्हणून रविवारी मीच तुमच्या घरी येते आहे, अकराच्या सुमारास. सोबत आमच्या लाइनवरच्या पाचजणी आहेत, त्यात ती नेमणूक पत्र मागणारीही आहे. तिच्याशी मी बोलले. पत्र आमच्यापैकी कुणाकडेच नाही, पण दोन वर्षांच्या हजेरी कार्डांचे फोटो आहेत आणि गठ्ठे मी वर्षाप्रमाणे लावलेत. पावती पुस्तक घरी आणून ठेवा.

तुमची,
फेटलिंगवाल्या आण्णांची थोरली